कांठावरचा गळ

इगतपुरी तालुक्यास पाण्याची वाण नाहीं. निदान पावसाळ्यांत तरी नाहीं. वर्षाकाठीं सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस येथें पडतो व त्यांतील बराचसा धरणांनीं अडविला जातो. नांदगांवजवळील दारणा धरण १९१६ सालीं पुरें झालें आणि त्याच्या जलाशयास ‘लेक बील’ हें नांव मिळालें. पुढें वैतरणा, मुकणे, भावली अशीं आणखी धरणें झालीं. (उन्हाळ्यांत याच तालुक्यांतील कित्येक वाड्यांवरच्या स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठीं डोंगर उतरावा लागतो, ही गोष्ट निराळी.) या जलाशयांच्या कांठीं सुटीच्या दिवशीं आमचे कित्येक विद्यार्थी गळ घेऊन बसलेले दिसतात. त्यांपैकीं पुष्कळ जण रिकाम्या हातीं परततात व दैवास बोल लावतात. आमच्या मतें यांत दैवाचा संबंध थोडा आणि एका चुकीच्या समजुतीचा फार आहे. ती समजूत अशी कीं, मोठा मासा पाण्याच्या मध्यभागीं असतो.

वस्तुस्थिति बहुधा उलट असते. जलाशयाच्या मध्यभागीं पाणी खोल. तेथें तळापर्यंत उजेड पोंचत नाहीं, वनस्पति वाढत नाहीं, म्हणून तळाशीं खाद्यहि थोडें. कांठाची गोष्ट वेगळी आहे. आषाढांत पाणी चढूं लागलें म्हणजे तें गवताळ उतारांवर, पडीत शेतांवर व जुन्या बांधांवर पसरतें. जमिनींतील गांडुळें वर येतात. मुंग्या, नाकतोडे, गवताचें बीं, सारें पाण्यावर तरंगूं लागतें. मासे या मेजवानीच्या मागें गुडघाभर, कधीं कधीं वीतभर पाण्यांतहि येतात. अशा वेळीं जो गडी कमरेइतक्या पाण्यांत शिरून पन्नास हात लांब गळ फेंकतो, तो ज्या जागीं मासा यावयाचा त्याच जागीं स्वतः उभा असतो! म्हणून पहिला गळ आपल्या पायांपासून चार हातांवर टाकावा, व तोहि पाण्यापासून दोन पावलें मागें राहून. तेथें कांहीं न लागल्यास मग लांबवर जावें.

कांठ सगळा सारखा नसतो. ओहोळ जेथें जलाशयास मिळतो, बुडालेला बांध जेथें पाण्यांत उतरतो, गढूळ व निवळ पाण्याची जेथें सीमारेषा दिसते, अशा जागा पाहून ठेवाव्या. उन्हाळ्यांत पाणी उतरलें असतां एकदां कांठाकांठानें चालून जावें. कोठें खडक, कोठें चिखल, कोठें जुनी पायवाट, हें सर्व उघडें पडलेलें असतें. त्या एका फेरींत जें ज्ञान मिळतें तें वर्षभर गळ टाकूनहि मिळत नाहीं. वाऱ्याकडेहि लक्ष असावें. वारा ज्या कांठावर लाटा आणून आपटतो तेथें बसणें सुखाचें नसतें खरें, पण तरंगणारें खाद्य तेथेंच गोळा होतें आणि हललेल्या पाण्यामुळें माशास माणूस नीट दिसत नाहीं.

मासा पाहतो कसा, हें शास्त्राच्या तासाला वक्रीभवन शिकलेल्या विद्यार्थ्यास सहज समजेल. पाण्यांतून वर पाहणाऱ्या माशास बाहेरचें सारें जग सुमारें ९७ अंशांच्या एका शंकूंतून दिसतें. क्षितिजालगतच्या वस्तु त्या शंकूच्या कडेला चेपल्या जाऊन अंधुक होतात. म्हणून उभ्या माणसापेक्षां बसलेला माणूस माशास फार कमी दिसतो. आवाजासंबंधीं एक गंमत आहे. हवेंतील बोलणें पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक परतून जातें, त्यामुळें हळू गप्पा मारल्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु दगडावर पाय आपटला तर त्याचा हादरा जमिनींतून थेट पाण्यांत जातो. माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी बारीक रेषा दिसते, ती असलेच हादरे जाणण्याचें इंद्रिय होय.

कोणत्या माशास कोणतें आमिष, हें पाठ करण्यापेक्षां माशाच्या तोंडाकडे पाहावें. कटल्याचें तोंड वर वळलेलें असतें. तो वरच्या थरांतील सूक्ष्म जीव खातो. मृगळाचें तोंड खालीं वळलेलें. तो तळ चाळतो, त्याच्यासाठीं गळ तळाशीं टेकावा व पेंडीचा किंवा कणकेचा गोळा लावावा. रोहू या दोहोंच्या मध्यें. हे तिघेहि मूळचे उत्तरेकडील नद्यांचे. आपल्याकडे त्यांचें बीज आणून सोडलें जातें. चिलापी तर आफ्रिकेंतील. तो आपल्या देशांत १९५२ सालीं आणला गेला, व आतां जेथें जावें तेथें पहिला तोच गळास लागतो. गांडूळ मात्र बहुतेक साऱ्यांस चालतें. मरळास जिवंत लहान मासा किंवा बेडूक लागतो. हा मासा हवा घेण्यास वर येतो, त्यामुळें शेवाळाच्या कडेला त्याचा ठाव लागतो. पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका एकत्र हलतांना दिसला, तर त्याखालीं आईबाप राखणीस आहेत असें समजावें आणि तेथें गळ टाकूं नये. राखणदार गेला कीं तो सारा घोळका इतर माशांच्या पोटांत जातो.

आतां आमच्या नद्यांचा खरा मानकरी, महाशीर, ज्यास आपल्याकडे खडशी म्हणतात. कर्नल साईक्स यांनीं १८३९ सालीं पुण्याजवळच्या मुळामुठेंतील माशावरून त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि ‘टॉर खुद्री’ हें त्याचें शास्त्रीय नांव आजहि चालू आहे. हेन्री सलिव्हन टॉमस यांनीं १८७३ च्या आपल्या पुस्तकांत खेळाच्या दृष्टीनें त्याची बरोबरी विलायतेंतील साल्मन माशाशीं केली आहे. याच्या जबड्यांत दांत नाहींत. ते घशांत असतात, व खेकडा, शिंपला, फळ सर्व तेथेंच चिरडलें जातें. मोठे, जाड खवले व ओठांजवळच्या चार मिशा यांवरून तो ओळखावा. त्यास वाहतें, स्वच्छ पाणी व गोट्यांचा तळ लागतो. पावसाळ्यांत तो प्रवाहाविरुद्ध चढून जाऊन तेथें अंडीं घालतो. धरणाची भिंत ही वाट बंद करते. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटा वीज कंपनीनें १९७० च्या सुमारास त्याची कृत्रिम पैदास सुरू केली व तेथील पिलें दूरदूरच्या पाण्यांत सोडण्यांत आलीं. पण कावेरींत आपला हा खडशी माजला, आणि तेथील मूळचा कुबडाचा महाशीर नाहींसा होत चालला, त्याचें हेंहि एक कारण मानलें जातें. तो कुबडाचा मासा २०१८ सालापासून जगांतील अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत आहे. सद्हेतूनें केलेलें कामहि नदी पाहून करावें लागतें.

पहिल्या पुराच्या माशांविषयीं आम्हांस थोडें स्पष्ट बोलावयाचें आहे. मृगाचा पाऊस लागून ओहोळ वाहूं लागले म्हणजे मासे झुंडीनें वर चढतात; घाटाखालीं यास वलगण म्हणतात. त्या वेळीं ते इतके सहज सांपडतात कीं गळाचीहि गरज नसते, टोपली पुरते. पण त्यांचीं पोटें अंड्यांनीं भरलेलीं असतात. पाड्यावरचें एखादें कुटुंब त्या दिवशीं बांबूच्या सापळ्यांत कालवणापुरते मासे धरतें, त्यास आम्ही दोष देणार नाहीं; वर्षांतून तेवढेच दिवस त्यांच्या घरीं पोटभर मासा शिजतो. परंतु ओहोळाचें तोंड जाळ्यानें एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत बंद करणारे, आणि निव्वळ मौजेखातर त्या दिवसांत गळ टाकणारे, यांना तें कारण सांगतां येत नाहीं. श्रावण सरेपर्यंत विद्यार्थ्यांनीं काठी घरीं ठेवावी. सुरुंगाच्या दारूनें किंवा विषानें मासे मारणें तर १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे.

काठीसाठीं दहा-बारा फुटांचा सरळ, वाळलेला वेळू नवशिक्यास पुरे. चरखीची काठी घेतल्यास दोर फार घट्ट आवळूं नये. मोठा मासा पहिल्या धांवेंतच तो तोडतो. भेंडाचा लहान तुकडा तरंगता ठेवावा, मोठा भेंड माशास जड लागतो व तो आमिष सोडून देतो. भेंड थरथरला कीं हिसका मारण्याची घाई करूं नये; तो सरकत खालीं गेला म्हणजे मनगटानें हलकेंच वर ओढावा. मासा पळूं लागल्यास पळूं द्यावा, काठी उभी धरावी, म्हणजे तिच्या वांकण्यानेंच तो थकतो. दोराचा शेंवट बोटास किंवा मनगटास बांधण्याची वाईट खोड कांहीं मुलांना आहे. सहा-सात शेर वजनाचा मासा निसरड्या कांठावरून मुलास पाण्यांत ओढूं शकतो, आणि धरणाच्या गाळांत रुतलेला पाय पोहणाऱ्यासहि सोडवत नाहीं. एकट्यानें कधींहि जाऊं नये. धरणाच्या खालच्या बाजूस पात्रांत बसूं नये, कारण दारें उघडलीं कीं पाणी पाहतां पाहतां चढतें. वीज चमकूं लागली तर काठी खालीं ठेवून उघड्या कांठावरून दूर जावें, मग मासा लागलेला असो वा नसो.

जलाशयांतील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छिमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. तेव्हां आधीं तेथें विचारून परवानगी घ्यावी. संस्थेचीं माणसें कांठाची माहितीहि देतात, आणि ती आमच्या लेखापेक्षां ताजी असते. लहान मासा किंवा अंड्यांवर आलेला खडशी लागल्यास हात आधीं ओले करावे, त्यास शक्य तों पाण्यांतच धरून गळ काढावा, व प्रवाहाकडे तोंड करून हातांत सैल धरावें. कल्ले नीट चालूं लागले कीं तो आपणच निघून जातो. गळाच्या टोंकामागील उलटा कांटा चिमट्यानें दाबून ठेवल्यास हें काम क्षणाचें होतें. तुटलेला नायलॉनचा दोर कांठावर टाकूं नये. बगळ्यांचे व पाणकावळ्यांचे पाय त्यांत अडकतात. तो गुंडाळून खिशांत घालावा व घरीं आणावा.