ओळंबा, गोळी आणि डीवाय बाय डीएक्स

अकरावी सायन्सला मोठ्या उमेदीने प्रवेश घेतलेली आपली मुले-मुली दिवाळीच्या आत शाखा बदलण्याचा विचार का करू लागतात, हा प्रश्न मागच्या वर्षी आमच्यापुढे अचानक उभा राहिला. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत दर रविवारी येणाऱ्या एका मुलीने शाखाबदलाचा अर्ज आमच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "काका, यावर बाबांची सही पाहिजे. तुम्हीच सांगा त्यांना." मुलगी मराठी माध्यमातून शिकलेली, दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवलेली. वडील गवंडीकाम करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्राला २५ पैकी ४ गुण पडले होते. कारण विचारले तेव्हा तिने वही उघडून दाखवली. पानभर डीवाय बाय डीएक्स. "सर हे फळ्यावर लिहितात. गणिताच्या मॅडम म्हणतात, हा भाग अजून पुढे आहे. मग तोपर्यंत आम्ही करायचं काय?"

प्रश्न रास्त होता आणि उत्तर आमच्याकडे नव्हते. आम्ही बी.कॉम., पेशाने कारकून. आम्हालाही एकेकाळी सायन्सला जायचे होते. परंतु प्रवेशाच्या खिडकीतील गृहस्थांनी आमचा दाखला उलटसुलट करून पाहिला आणि "तुम्हाला कॉमर्सच झेपेल" असे सांगितले. आम्हीही ते खरे मानले. असो. ते दुखणे जुने झाले म्हणत होतो, पण त्या अर्जाने ते पुन्हा ठसठसले. आम्ही मुलीला म्हटले, "तीन रविवार दे. मग सहीचं बघू."

त्यानंतर रात्री जेवणे आटोपली की आम्ही अकरावीचे पुस्तक घेऊन बसू लागलो. हळूहळू ध्यानात आले की या विषयाची सुरुवात सूत्रापासून झालेलीच नाही. ती झाली एका घरंगळणाऱ्या गोळीपासून.

पहिल्या रविवारी आम्ही मुलांना आणि पोचवायला आलेल्या आयाबहिणींना एकच विचारले. जड वस्तू आधी पडते की हलकी? सर्वांचे एकमत, जड. त्यात लाजण्यासारखे काही नाही. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानेही तेच सांगितले होते आणि जगातले विद्वान ते शेकडो वर्षे शिकवीत राहिले. आम्ही एका हातात रुपया व दुसऱ्या हातात कागदाची चकती धरून सोडली. रुपया टणकन पडला, कागद गिरक्या घेत राहिला. "बघा!" असा गलका झाला. मग तीच चकती, रुपयापेक्षा किंचित लहान कापून, रुपयाच्या पाठीवर ठेवली आणि रुपया आडवा सोडला. दोन्ही एकदम खाली. कागदाला अडवणारी हवा रुपयाने बाजूला सारली होती. म्हणजे कागद मागे राहतो तो हलका म्हणून नव्हे, हवेमुळे. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर उभे राहून हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले होते. तिथे हवा नाही. दोन्ही बरोबरच जमिनीला टेकले. हे सांगितल्यावर एका आजींनी रुपया हातात घेऊन तीनदा स्वतः करून पाहिले, मगच मान डोलावली. आजींची पद्धत आम्हाला फार आवडली.

पण पडणाऱ्या वस्तूचा वेग मोजणार कसा? सुटलेली वस्तू पहिल्याच सेकंदाला सुमारे ४.९ मीटर खाली जाते. डोळा तिथे पुरत नाही. ही अडचण इटलीतल्या गॅलिलिओलाही (१५६४-१६४२) आली होती. त्याने युक्ती केली. वस्तू सरळ न पाडता ती उतारावरून सोडली, म्हणजे तेच पडणे, पण सावकाश. लाकडी तुळईला गुळगुळीत खाच, आत चर्मपत्र लावलेले, त्यावरून पितळेसारख्या धातूची गोळी. हातात घड्याळ नव्हते, म्हणून भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी तोलून तो वेळ मोजत असे. प्रयोग शंभर शंभर वेळा केला, असे त्याने लिहून ठेवले आहे. ज्या ग्रंथात हे आहे तो १६३८ साली हॉलंडमधल्या लायडन येथे छापला गेला. गॅलिलिओ तेव्हा धर्मपीठाने फर्मावलेल्या नजरकैदेत होता. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या ग्रंथाची सुरुवात व्हेनिसच्या जहाजबांधणीच्या गोदीतील कारागिरांच्या चर्चेने होते. त्यांच्याशी बोलून पुष्कळ शिकायला मिळते, असे त्यातली पात्रे कबूल करतात.

दुसऱ्या रविवारी आम्ही हाच प्रयोग मांडला. बारा फुटी ॲल्युमिनियमचा अँगल पन्हळीसारखा उघडी बाजू वर करून ठेवला. खालचे टोक एका विटेवर, वरचे दोन विटा आणि एका जाड वहीवर. गॅरेजात काम करणाऱ्या एका मुलाने बेअरिंगमधली पोलादी गोळी आणली. मोबाईलमध्ये स्टॉपवॉच असते हे खरे, पण ते एकट्याच्या डोळ्यापुरते. सर्वांना मिळून वेळ दिसावा म्हणून आम्ही लोलक केला. एक मीटर दोरीला वजन बांधून झुलवले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्याला जवळजवळ बरोबर एक सेकंद लागतो. वजन कितीही असो, हिशेब दोरीच्या लांबीचा. वजन म्हणून त्या मुलीने वडिलांच्या पिशवीतला ओळंबा न विचारता आणला होता.

लोलक टोकाला पोचला की सगळ्यांनी मिळून एक, दोन, तीन म्हणायचे आणि त्या क्षणी गोळी असेल तिथे खडूची खूण करायची. अनेक वेळा केले. पुस्तकाप्रमाणे दर सेकंदाचे टप्पे १, ३, ५, ७, ९ अशा विषम संख्यांच्या पटीत वाढायला हवेत. पहिला टप्पा ८ सेंटीमीटर आला. म्हणजे पुढे २४, ४०, ५६, ७२ यायला हवे होते. आले २३, ३७, ४६, ५०. मुले हिरमुसली. आम्हीही मनातून खचलो. आम्हाला झेपणार नाही, असे सांगणारी ती खिडकी पुन्हा डोळ्यांपुढे आली.

तेवढ्यात ओळंबा शोधीत मुलीचे वडील आले. रागावण्यासाठीच आले असावेत. पण दारात उभे राहून त्यांनी दोन वेळा गोळी घरंगळताना पाहिली आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या अँगलला मधे झोल आलाय." खिशातून सुताची दोरी काढून त्यांनी टोकापासून टोकापर्यंत ताणली. अँगल मध्यभागी दोरीखाली चांगला बोटभर उतरला होता! सुरुवातीला उतार जास्त आणि पुढे कमी. म्हणून गोळीचा वेग पुढे हवा तसा वाढत नव्हता. त्यांनी बाहेरून फरशीचे तुकडे आणून जागोजागी खाली सारले, दोरीला अँगल लावून घेतला आणि "आता सोडा" म्हणाले.

७, २१, ३५, ४९, ६३. अर्धा-पाऊण सेंटीमीटर इकडेतिकडे, पण हेच आकडे. टाळ्या कुणासाठी वाजल्या ते सांगायला नको.

आता डीवाय बाय डीएक्सकडे येऊ. टप्प्यांची बेरीज केली की सुरुवातीपासूनचे अंतर मिळते. ७, २८, ६३, ११२, १७५. म्हणजे अंतर = ७ गुणिले वेळेचा वर्ग. आता विचारा, बरोबर तिसऱ्या सेकंदाला गोळीचा वेग किती? तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत ती ४९ सेंटीमीटर गेली, पण त्या सेकंदातही वेग वाढतच होता. म्हणून काळ कमी करत जायचे. अर्ध्या सेकंदाचा हिशेब केला तर सरासरी वेग ४५.५ येतो. सेकंदाच्या दहाव्या भागाचा केला तर ४२.७, शंभराव्या भागाचा केला तर ४२.०७. आकडा ४२ च्या दिशेने सरकतो आहे आणि हवा तितका जवळ जातो. हा ४२ म्हणजेच त्या क्षणाचा वेग. तो काढण्याच्या रीतीला अवकलन म्हणतात, मुले डेरिव्हेटिव्ह म्हणतात. इतर सेकंदांचे वेग काढा, १४, २८, ४२, ५६ असे येतात. दर सेकंदाला वाढ तेवढीच, १४. ते त्वरण. ही रीत न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात स्वतंत्रपणे उभी केली, आणि बल, वस्तुमान व त्वरण यांचे नाते सांगणारा न्यूटनचा ग्रंथ १६८७ साली आला.

इथे आमच्यातला कारकून जागा झाला. अंतर म्हणजे खात्यावरची शिल्लक, वेग म्हणजे रोजकीर्दीतली रोजची जमा, आणि त्वरण म्हणजे ती जमा रोज कितीने वाढते ते. शिल्लकेवरून जमा काढणे हे अवकलन. रोजच्या जमा मिळवून शिल्लक काढणे हे समाकलन, म्हणजे मुलांचे इंटिग्रेशन. वेगाचा आलेख काढला तर पाच सेकंदांत एक त्रिकोण होतो. पाया ५, उंची ७०, क्षेत्रफळ १७५. तेच अंतर! बी.कॉम.ला सीमांत खर्च शिकलो तेव्हा तोही डेरिव्हेटिव्हच असतो, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. निम्मे सायन्स आम्ही कॉमर्सच्या वर्गात बसून न कळत शिकलो होतो म्हणायचे!

आई-वडिलांनी एवढे ध्यानात ठेवावे की या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही. अँगल नसेल तर पडद्याचा चॅनेल चालेल, गोळी नसेल तर काचेची गोटी. उतार मात्र कमी ठेवावा, नाहीतर मोजायला वेळच मिळत नाही, आणि झोल पाहायला दोरी लावावी. गणित मागे पडले म्हणून भौतिकशास्त्र सुटले, असे मुलाने सांगितले तर त्याला आळशी ठरवण्याआधी दोन्ही विषयांच्या वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. सरांनाही जरूर भेटावे. भेटायला संकोच करू नये.

तिसऱ्या रविवारी मुलीचे वडील आपणहून आले, ओळंबा बरोबर घेऊन. म्हणाले, "वरच्या टोकाला अजून एक वीट लावली तर तुमचं एक-तीन-पाच बदलेल का?" आम्ही मुलीकडे पाहिले. ती थोडा विचार करून म्हणाली, "पहिला टप्पा वाढेल, बाबा. पण पट तीच राहील." वीट लावली, फरशीचे तुकडे पुन्हा सारून दोरी धरली. पहिला टप्पा १२ च्या पुढे गेला. दुसरा त्याच्या तिप्पट, तिसरा पाचपट. पाचव्या सेकंदानंतर गोळी अँगलवरून सुटली ती थेट दारातल्या चपलांमध्ये जाऊन पडली.

आकडे लिहायला कागद हवा होता. मुलीने वहीत घडी घालून ठेवलेला शाखाबदलाचा अर्ज काढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतले.