माळरान म्हणजे मेलेलं जंगल नव्हे

मनमाडहून दौंडकडे निघालेल्या गाडीत उन्हाळ्यात खिडकीशी बसलेला माणूस अंकाई-टंकाईच्या पायथ्याचं पिवळं रान बघतो आणि हमखास म्हणतो, 'इथे एके काळी दाट जंगल असणार, माणसांनी तोडून उजाड केलं.' सातमाळा डोंगररांगेच्या या बाजूबद्दलचा सर्वांत पसरलेला गैरसमज हाच, आणि बाकीचे बहुतेक याच्याच पोटी जन्मलेले आहेत.

पावसाचा हिशेब आधी पाहू. याच नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मनमाड, नांदगाव, येवल्याचा पट्टा पर्जन्यछायेतला. इथे त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा पडतो, आणि तोही मध्ये मोठे खंड घेऊन. खाली कातळ, त्यावर मुरूम, वर जेमतेम वीतभर माती. अशा जमिनीवर पावसाळी जंगल उभं राहत नाही. तिथे गवत राहतं, आणि त्यात विखरून हिवर, बोर, बाभूळ, खैर. दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी 1973 साली देशातल्या गवताळ रानांचे पाच गट पाडले. त्यांत दख्खनचं पठार ज्या गटात येतं त्याची ओळख पवन्या आणि मारवेल ही दोन गवतं. डोंगरउतारावरची झाडं तुटली हे खरंच आहे, पण सपाटीवरचा माळ त्या तोडीतून जन्मलेला नाही.

याला आपल्या भाषेतूनच पुरावा मिळाला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचं जुनं मराठी साहित्य आणि लोकपरंपरेतल्या रचना तपासून त्यांतले रानातल्या झाडाझुडपांचे उल्लेख वेचले. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दाट जंगलातल्या वृक्षांपेक्षा उघड्या रानात वाढणाऱ्या वनस्पतीच जास्त निघाल्या. म्हणजे किमान साडेसातशे वर्षं हे रान उघडंच आहे.

तरीही सरकारी कागदावर त्याची नोंद 'पडीक' अशीच होत आली. इंग्रजी अमलात ज्या जमिनीतून शेतसारा येत नाही ती निरुपयोगी धरली गेली. पुढे 2000 साली निघालेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी रान आणि चराऊ कुरणं त्याच यादीत आली. वनआच्छादन मोजताना तर निदान दहा टक्के जमीन झाडांच्या सावलीखाली असावी लागते. उत्तम गवताचा माळ या परीक्षेत नापासच होतो. मग कुठे सौरप्रकल्प, कुठे औद्योगिक वसाहत, कुठे खाणपट्टा हवा असला की बोट आधी माळाकडे जातं.

यातूनच दुसरी समजूत येते: झाडं लावली की रान सुधारतं. 2019 साली राज्यात 33 कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. झाड लावण्याबद्दल माझं भांडण नाही. गावठाणाशेजारी, ओढ्याकाठी, बांधावर ती हवीतच. पण माळावर खड्डे आणि चर खणताना आधी उखडली जातात ती वर्षानुवर्षं जगणाऱ्या गवताची ठोंबं, म्हणजे ज्या मुळांनी ती वीतभर माती धरून ठेवलेली असते तीच. शिवाय लावलं काय जातं? गिरिपुष्प, सुबाभूळ, अशी लवकर हिरवी दिसणारी बाहेरची झाडं. वेडी बाभूळ अशीच हौसेनं आणली गेली आणि आता ती कुणाला न विचारता पसरते. दाट सावलीत मारवेल मरतं, मेंढीचा चारा जातो, आणि नजर व वेग यांच्या बळावर जगणाऱ्या काळविटाला ते रान परकं होतं. कार्बन साठवायला झाडंच लागतात, हेही अर्धसत्य आहे. गवताळ रानाचा बहुतेक कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो, आणि वणवा लागला तरी तो तिथेच राहतो.

आता चराईकडे येऊ, कारण सर्वांत जास्त अन्याय इथे झाला आहे. 'मेंढरांनी रान खाल्लं' हे वाक्य शहरात सहज बोललं जातं. अतिचराईनं रान बिघडतं यात शंका नाही, आणि ते बिघडतानाच्या पायऱ्या जमिनीवर वाचता येतात. आधी पवन्या आणि मारवेल ही जनावरांच्या आवडीची गवतं विरळ होतात, मग कुसळी माजते, मग आखूड, भरड गवत येतं, आणि शेवटी जनावर तोंड लावत नाही असा तरवड उरतो. पण हे जनावरांच्या संख्येइतकंच वेळेमुळे घडतं. जुलैत कोवळा फुटवा येताच सारी जनावरं त्यावर सोडली, तर मुळांना साठा करायला उसंतच मिळत नाही. तेच रान बी झडेपर्यंत राखलं आणि नंतर चारलं तर गवत टिकतं. खूर बी मातीत दाबतात, लेंड्या खत देतात, जुनं वाळलेलं गवत निघून जातं आणि नव्या फुटव्याला ऊन मिळतं.

चराई पूर्ण थांबवली तर काय होतं, याचा धडा देशाने राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात घेतला आहे. 1982 साली तिथे म्हशींना बंदी झाली, गावकऱ्यांवर गोळीबारापर्यंत प्रकरण गेलं. पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसलं की म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार वाढलं आणि पक्ष्यांची उघडी पाणथळ जागाच आक्रसली. ते पाणथळ, हे कोरडं. रानं वेगळी आहेत. पण चरणारं जनावर हा रानाचाच भाग असतो, हे दोन्हीकडे खरं.

चराईबंदी म्हटलं की आपल्याकडे हिवरेबाजार या गावाचं नाव निघतं. तिथली बंदी ग्रामसभेनं स्वतः घातली आणि गवत कापून नेण्याची वाट उघडी ठेवली. रान राखलं आणि चाराही घरी आला. नुसतं कुंपण घालून हे साधत नाही.

दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन बाहेर पडणारा धनगर किंवा ठेलारी मेंढपाळ तर पिढ्यान्‌पिढ्या रानाला उसंत देत आला आहे. कळप हलतो म्हणून रान सुटतं. वाटेत शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात आणि त्या खताबद्दल धान्य किंवा पैसे देतात. आज रान आक्रसल्याने कळप एकाच तुकड्यावर अडकतो, तिथलं गवत खुरटतं, आणि दोष मेंढपाळाला लागतो.

बकरी मुळासकट खाते, ही आणखी एक समजूत. बकरी मुख्यतः झुडपांचा पाला ओरबाडते. गवत जमिनीलगत कुरतडते ती मेंढी. मुळं दोघीही खात नाहीत.

गवत जाळलं की पुढच्या वर्षी दाट येतं, असं मात्र आपल्या गावांतही मानतात. राख झालेल्या माळावर पहिल्या पावसात हिरवी लव उठते हे खरं. पण दरवर्षी जाळलेल्या रानात हळूहळू कुसळीचं राज्य होतं, कारण तिचं कुसळ पीळ घेत बी मातीत रोवतं आणि आगीतून वाचवतं. त्यात मेंढीचा उन्हाळ्याचा चारा जातो, जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोलांचा आसरा जातो. मध्य आशियातून हिवाळ्यात येणारे भोवत्या पक्षी रात्री उंच गवतात उतरतात. त्यांनाही ती जागा उरत नाही.

मनमाडच्या आग्नेयेला, येवला तालुक्यात, 2014 साली घोषित झालेलं ममदापूरचं काळवीट संवर्धन राखीव क्षेत्र आहे, सुमारे 54 चौरस किलोमीटरचं. राखीव म्हणजे माणसांना आणि गुरांना कायमची मनाई, असा अर्थ अनेक जण लावतात. कायदा तसा नाही. वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनं आलेला हा प्रकार सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांशी सल्लामसलत करूनच जाहीर करायचा असतो. तिथे राहणाऱ्यांचे हक्क त्यानं संपत नाहीत, आणि व्यवस्थापनाला सल्ला देणाऱ्या समितीत क्षेत्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असावाच लागतो. काळवीट पिकात शिरतं, लांडगा कोकरू उचलतो. या नुकसानीला सरकारी भरपाई आहे. ती वेळेवर मिळाली तर लांडग्यावरचा राग निम्म्याने उतरेल.

आणि गायरान? ते 'कुणाचंच नाही' असं समजून त्याचे लचके तोडले जातात. खरं तर महसूल कायद्याने ते गुरांच्या चराईसाठी वेगळं काढलेलं असतं. 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्यासाठी योजना आखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. हा प्रश्न मात्र फार जुना. डोंगर आणि गायरानं जंगल खात्यात घातल्याने शेतकऱ्याच्या शेरडामेंढरांना जागा उरली नाही, ही तक्रार महात्मा फुल्यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात मांडली आहे.

वनजमिनीवर चारण्याचा हक्कच नसतो, ही समजूत 2006 च्या वनहक्क कायद्याने खोटी ठरवली. त्यात गावातल्या गुरांची चराई आणि फिरत्या पशुपालकांची हंगामी चराई, दोन्ही सामूहिक हक्क म्हणून लिहिलेली आहेत. अडचण पुराव्याची आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि सतत फिरणाऱ्या मेंढपाळाला हे कागदावर दाखवणं फार जड जातं. तरी नियमांत गावातल्या वृद्धांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, आणि परंपरागत चराईची रानं व जनावरांचे पाणवठे हेही पुरावा धरले जातात. म्हणून सातमाळ्याच्या कुशीतल्या ज्या गावांत मेंढरं आहेत, त्यांनी ग्रामसभेत ठराव मांडण्याआधी एक काम करावं. जुन्या मेंढपाळांना सोबत घेऊन शिवार फिरावं, वाडे कुठे पडत, पाणी कुठे पाजलं जाई, कोणतं रान कोणत्या महिन्यापर्यंत सोडून देत, ते नकाशावर उतरवावं आणि त्यावर त्यांचे अंगठे घ्यावेत. दाव्याला जोडायचा कागद तोच, आणि पुढच्या पावसात कोणतं रान राखायचं ते ठरवायलाही तोच उपयोगी पडेल.