भाव : मनाचा आणि बाजाराचा

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात विंचूर हे गाव आहे. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार इथे भरतो. कांद्याच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या राहतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, पुकारा होतो आणि काही क्षणांत भाव ठरतो. देवळात भजनाला बसलेला माणूसही भावच मागतो, पण तो क्विंटलचा नसतो. किंमत आणि भावना या दोघींना मराठीने एकाच शब्दात नांदवले आहे. शब्द, कला आणि जाहिरात माणसाचे मन कसे हलवतात, हे समजून घ्यायला या शब्दाइतकी चांगली वाट नाही.

‘भाव’ हा शब्द ‘भू’ म्हणजे ‘होणे’ या धातूपासून आला. भरताच्या नाट्यशास्त्रात भावांची मोजदादच आहे : रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय हे ८ स्थायी भाव, मनात येऊन जाणारे ३३ व्यभिचारी भाव आणि घाम, रोमांच, अश्रू यांसारखे ८ सात्त्विक भाव, एकूण ४९. प्रसंगाचे कारण, नटाच्या अंगावर उमटलेली खूण आणि हे येते-जाते भाव एकत्र आले, की प्रेक्षकाच्या मनात रस निर्माण होतो. शोकाचा करुण होतो, विस्मयाचा अद्भुत.

भरताची नजर किती बारीक होती पाहा. अश्रूंची कारणे सांगताना त्याने आनंद, भय आणि शोक यांच्याबरोबर धूर आणि काजळही नोंदवले. विंचूरकर त्यात कांदा घालतील. कांदा चिरला की त्याच्या पेशींत वेगवेगळी असलेली गंधकयुक्त द्रव्ये आणि विकरे एकमेकांत मिसळतात, वायू तयार होतो आणि डोळे पाणावतात. मन मात्र कोरडे राहते. कलेची किमया नेमकी उलटी आहे. धूर नाही, वायू नाही. नुसता शब्द आणि सूर, तरी डोळे भरून येतात.

रोजच्या भाषेतही हे दोन भाव एकमेकांत मिसळलेले आहेत. बाजारात भाव चढतो, पडतो, कोसळतो. माणसाचे मनही तसेच. यश मिळाले की कुणी भाव खातो, आणि दुखावलेला माणूस म्हणतो, ‘मला कुणी भावच देत नाही.’ आपली किंमत कुणी केली नाही, हे दुःख मराठी माणूस बाजाराच्या शब्दात सांगतो.

महाराष्ट्रात उत्साहाला हात घातला तो पोवाड्याने. १६५९ च्या अफझलखान प्रसंगावर अज्ञानदासाने रचलेला पोवाडा उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानतात. शाहिराचा डफ, तुणतुण्याची एकसुरी धून आणि झीलकऱ्यांची ‘जी जी’ यांनी लय चढत जाते आणि ऐकणाऱ्याचा श्वास तिच्याबरोबर चालू लागतो. याच जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या बावी गावी शाहीर परशराम होऊन गेले. त्यांच्या लावण्या महाराष्ट्रभर गाजल्या. पुढे त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पडद्याला भाव दिला. त्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम दिसताच प्रेक्षक पायातली पादत्राणे काढत, असे सांगतात.

हेच फाळके जाहिरातीचेही जाणकार होते. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, तेव्हा एवढ्याशा वेळाच्या खेळाला पैसे कोण देणार, हा प्रश्न होता. मग ५७,००० छायाचित्रांचा, २ मैल लांबीचा खेळ अवघ्या ३ आण्यांत, अशी जाहिरात त्यांनी केल्याचे सांगतात. आकडे कोरडे, पण त्यांनी विस्मय जागा केला. आजची जाहिरातही याच भावांवर चालते : जंतूंचे भय दाखवून साबण, बापाची माया दाखवून विमा. फरक एवढाच की कला आपल्याला रसात बुडू देते. जाहिरात रसाच्या काठाशी थांबवते आणि तिथून दुकानाचा रस्ता दाखवते.

या वाटेने उलटाही प्रवास होतो, आणि त्याच्याशी विंचूरचा जवळचा संबंध आहे. हे गाव पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या जहागिरीचे. १४ जानेवारी १७६१ रोजी ते पानिपतावर लढत होते. त्या दिवसाने मराठीला ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार दिला. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेच्या वाटेवर होते. पराभवाची बातमी त्यांना एका सावकारी पत्रातून कळली, असे इतिहासात प्रसिद्ध आहे. पत्रात रडणे नव्हते, हिशेब होता : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नामांकित सरदार.

जाहिरात भावनेचे बोट धरून आपल्याला किमतीपर्यंत नेते. त्या पत्राने किमतीचे बोट धरून शोकापर्यंत नेले. हिशेबाची ती कोरडी ओळ अडीचशे वर्षांनंतरही वाचणाऱ्याचा घसा दाटवते. विठ्ठल शिवदेव रणातून जिवंत परतले. जे साधे शिपाई परतले नाहीत, त्यांची नावे त्या पत्रात नाहीत. ते सारे ‘खुर्दा’ या एका शब्दात आहेत.