साखळी गेली, रोव्हर आला; बांधावर आपण हव्याच



"मोजणीला बाईचं काय काम?" हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. महामार्ग आणि रेल्वेमुळे माणगावच्या जमिनीला भाव आला, तसे हातभर बांधावरून वादही वाढले. म्हणून आज मोजणीच्या साधनांची ओळख करून घेऊ.

जुनं साधन म्हणजे साखळी. लांबी 33 फूट, तिचे भाग 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. आपला गुंठा या साखळीतूनच आला.

पुढे तीन पायांचा प्लेन टेबल आला. त्यावर कागद लावून शेतातच नकाशा काढायचा. मग ईटीएस यंत्र आलं. समोर धरलेल्या प्रिझमवर किरण आपटून परत येतो, त्यावरून यंत्र अंतर काढतं. आता काठीवर बसवलेला रोव्हर उपग्रहांच्या मदतीने जागा सांगतो. दाट झाडीखाली मात्र तो अडखळतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. डोंगरउतारावरची वरकस जमीन मोजताना उतारावरची लांबी धरत नाहीत, सपाटीवरचं आडवं अंतर धरतात. त्यामुळे आपण टेप जमिनीला टेकवून मोजलं, तर क्षेत्र सातबारापेक्षा जास्त भरतं. तेवढ्यावरून कुणी जमीन चोरली असं होत नाही.

दुसरी गोष्ट, यंत्र कितीही नवं असलं तरी आपली हद्द कुठली हे त्याला माहीत नसतं. ती जुन्या टिपणावरून, नकाशावरून आणि शेतातल्या खुणांवरून ठरते. जुना दगड कुठे होता, बांध कधी सरकला, हे रोज शेतात राबणाऱ्या बाईला ठाऊक असतं.

म्हणून मोजणीच्या दिवशी बांधावर हजर राहा. भूकरमापकाला खुणा दाखवा. जबाब, पंचनामा वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गटातल्या मैत्रिणीकडून वाचून घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. हरकत असेल तर लेखी द्या. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते.

आणि नोटीस जाते ती कागदावर नाव असलेल्याला. वारस म्हणून आपलं नाव लागलंय का, ते सातबारावर आजच बघा.