घरच्या शाळेची शेवटची इयत्ता

१८९७ च्या जानेवारीत गांधीजी डरबनला उतरले, तेव्हा त्यांच्यासमवेत दोन मुलगे आणि एक भाचा होता. मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घालणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु जे इतर हिंदी मुलांना मिळत नाही, ते आपल्या मुलांना मेहेरबानी म्हणून मिळावे, हे त्यांच्या मनाला पटेना. मुले घरीच शिकू लागली. पुढे १९११ साली थोरले चिरंजीव हरिलाल, स्वतः पिता झाल्यानंतर, मॅट्रिक होण्यासाठी हिंदुस्थानात परतले. पण ती परीक्षा त्यांच्याच्याने अखेरपर्यंत उत्तीर्ण झाली नाही. एखादा पदवीधर, इतकेच काय साधा मॅट्रिक झालेला माणूस भेटला, तरी आपल्या मुलांना शाळेची उणीव जाणवते, हे गांधीजींनी आत्मकथेत मोकळेपणाने नमूद केले आहे. आपल्या निर्णयाचा मात्र त्यांना पश्चात्ताप झाला नाही.

पिता आपल्या तत्त्वाशी प्रामाणिक राहिला आणि त्याची किंमत पुत्राने मोजली. शाळेला पर्याय म्हणून मुलांना घरीच शिकविणारी कुटुंबे आज पुण्या-मुंबईसारख्या शहरांत दिसू लागली आहेत. त्यांनी या कथेचा हा उत्तरार्ध विसरता कामा नये.

या पालकांचा हेतू उदात्त असतो, हे मान्यच केले पाहिजे. घोकंपट्टी, शिकवण्या आणि गुणांची जीवघेणी शर्यत यांपासून मुलाला वाचवावे, त्याच्या कुतूहलाला मोकळे रान मिळावे, ही इच्छा कोणत्याही संवेदनशील माणसाला समजण्यासारखी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शालेय शिक्षणाची हमी दिली. घरच्या शिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था मात्र त्यात नाही. तथापि खरा प्रश्न चौदाव्या वर्षानंतरचा आहे. तोवर घर ही मुलाची शाळा असू शकते. त्यानंतर ज्या जगात त्याला जायचे आहे, ते जग घर नव्हे.

या जगाच्या दारावर पहिली मागणी होते ती कागदाची. कोणत्याही कचेरीतील कारकुनाला ठाऊक आहे की, आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला हा केवळ शिक्षणाचा पुरावा नसतो. जन्मतारीख आणि जात यांच्यासाठीही पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडेच बोट दाखविले गेले आहे. राज्य मंडळाच्या परीक्षेला बाहेरून बसण्यासाठी जो सतरा नंबरचा अर्ज भरावा लागतो, त्यालाही हा दाखला जोडावा लागतो. ज्याने शाळेची पायरी कधी चढलीच नाही, त्याची पंचाईत येथूनच सुरू होते. जन्माचा दाखला आणि ओळखीची इतर कागदपत्रे वेळीच नीट करून ठेवणे ही म्हणूनच क्षुल्लक बाब नव्हे.

सुदैवाने एक राजमार्ग उपलब्ध आहे. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दहावीसाठी नाव नोंदविता येते. नोंदणी पाच वर्षे टिकते, त्या अवधीत नऊ वेळा परीक्षेस बसण्याची संधी असते आणि एकेक विषय सवडीने देता येतो. घरी शिकलेल्या मुलाच्या प्रकृतीला मानवणारी अशी दुसरी व्यवस्था क्वचितच सापडेल.

परंतु सवड म्हणजे बेफिकिरी नव्हे. अभियांत्रिकीच्या आयआयटीत जाऊ इच्छिणाऱ्याला बारावीला किमान पाच विषय लागतात. शिवाय अंतिम प्रवेशपरीक्षेची संधी बारावीचे वर्ष आणि त्याच्या पुढचे वर्ष, एवढीच असते. वैद्यकीय शिक्षणाच्या १९९७ च्या नियमांतील एका तरतुदीने मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना दार बंद केले होते. ती तरतूद २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द ठरविली, आणि सर्वोच्च न्यायालयात हा वाद मिटायला २०२४ साल उजाडले. मधल्या काळातील उमेदवारांच्या जिवाची घालमेल कोणी मोजली आहे काय? दारे कधी बंद होतात आणि कधी उघडतात, याची चौकशी सतराव्या वर्षी नव्हे, तेराव्या-चौदाव्या वर्षी व्हावयास हवी.

यावर एक उदाहरण हमखास पुढे केले जाते. सातवीनंतर शाळा सोडलेल्या मुंबईच्या एका मुलीला २०१६ साली अमेरिकेतील प्रख्यात एमआयटीने प्रवेश दिला. उदाहरण खरे आहे. परंतु तिच्यापाशी संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची पदके होती, आणि बारावीचे प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचा मार्ग तिला बंदच होता, हेही तितकेच खरे. असामान्यांच्या पराक्रमावरून सामान्य मुलांचे नियम ठरविता येत नाहीत.

कागदानंतरची तयारी अधिक सूक्ष्म आहे. तीन तास एका जागी बसून, घड्याळाकडे लक्ष ठेवून, अनोळखी परीक्षकाला समजेल असे लिहिणे ही एक सवय आहे आणि ती सरावानेच लागते. प्रयोगशाळेत हात चालविणे, आईवडिलांखेरीज दुसऱ्या कोणाचे बोलणे ऐकून घेणे, न आवडणाऱ्या सहकाऱ्याबरोबर काम तडीस नेणे, बँकेत आणि कचेरीत स्वतः अर्ज भरणे, रांगेत उभे राहणे, या गोष्टी शाळेत जाणारे मूल बरीवाईट शिकते. घरच्या मुलाला त्या जाणीवपूर्वक शिकवाव्या लागतात. एखाद्या कारखान्यात, वाचनालयात किंवा दुकानात काही महिने काम केले, तर चार पुस्तकांनी होणार नाही एवढे शिक्षण त्यातून होईल. अशा प्रत्येक कामाची तारीखवार नोंद ठेवली, तर ती उद्या प्रवेशाच्या वा नोकरीच्या मुलाखतीत त्याची बाजू मांडील.

शिक्षक आणि कारकून मंडळींनीही या मुलांकडे संशयाने पाहू नये. दिवसा खर्डेघाशी करून बाहेरून बी. ए. झालेल्यांची मोठी परंपरा महाराष्ट्रात आहे. शाळेबाहेर शिकणे म्हणजे काय, हे येथील नोकरदार वर्गाला कोणी नव्याने सांगावयास नको.

मात्र सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पालकांनाच विचारला पाहिजे. शाळा सोडण्याचा निर्णय मुलाच्या नावाने घेतला गेला, पण तो घेतला वडीलधाऱ्यांनी. पंधराव्या वर्षी तरी त्या मुलाला समोर बसवून, पुढचे सर्व मार्ग दाखवून, त्याचे मत विचारावयास नको काय? आणि उद्या त्याला शाळेत वा कनिष्ठ महाविद्यालयात जावेसे वाटले, तर तो आपल्या तत्त्वाचा पराभव न मानता त्याला हसतमुखाने निरोप द्यावयास नको काय? ज्या स्वातंत्र्यासाठी घरची शाळा मांडली, ते स्वातंत्र्य त्या मुलाच्या हाती सोपविणे हीच तिची शेवटची इयत्ता. ती उत्तीर्ण व्हावयाची असते पालकांनी.