बक्षीस कीं वेतन?

उपाहारगृहांत खाणें आटोपतें. वाढपी बडीशेपेच्या थाळींत बिल आणून ठेवतो, उरलेली मोड परत येते आणि मग आपला हात क्षणभर घुटमळतो. किती ठेवावें? कांहींच ठेवलें नाहीं तर हा मनांत काय म्हणेल? अधिक ठेवलें तर बरोबरची मंडळी आपणांस उधळे तर म्हणणार नाहींत? प्रश्न दहावीस रुपयांचा दिसतो. परंतु त्याच्या पोटांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. या माणसाच्या श्रमाचें मोल द्यावयाचें कोणी, जेवणाऱ्यानें कीं मालकानें? आजच्या भाषणांत याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

खुशीनें कांहीं देण्याची रीत आपणांस नवी नाहीं. दिवाळींत पोस्टमनला, रखवालदाराला, घरकाम करणाऱ्या बाईला आपण पोस्त देतों. ही पोस्त वर्षांतून एकदां, सणाच्या निमित्तानें आणि ओळखीच्या माणसाला दिली जाते. तिच्यावर त्याचा महिन्याचा संसार चालत नाहीं. काम व्हावें म्हणून आधींच हातावर ठेवली जाते ती चिरीमिरी. तिची जात वेगळी. हॉटेलांतील टिप या दोहोंहून निराळी आहे. ती अनोळखी माणसाला, सेवा घेऊन झाल्यावर आणि रोजच्या रोज दिली जाते. टिप हा शब्द तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून झाला, असें पुष्कळदां सांगतात. पण तें खरें नव्हे. जुन्या काळच्या इंग्रज भामट्यांच्या बोलींत ‘हातीं देणें’ या अर्थाचें क्रियापद होतें, त्यांतून तो आला.

ही चाल युरोपांतून अमेरिकेंत गेली आणि तेथें तिनें जें रूप घेतलें तें बारकाईनें पाहण्याजोगें आहे. १८६५ सालीं तेथील यादवी युद्ध संपलें आणि लक्षावधि गुलाम मुक्त झाले. त्याच सुमारास जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीच्या शयनगाड्या रेल्वेवर धावूं लागल्या. बिछाने घालणें, बूट पुसणें, सामान उचलणें या कामांसाठीं कंपनीनें नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णीय पुरुष नेमले. पगार तुटपुंजा, बाकीची भरपाई उतारूंच्या बक्षिसांतून व्हावी, हा हिशेब. पुष्कळ उतारू त्यांचें नांवही विचारीत नसत. कंपनीच्या मालकाच्या नांवावरून सर्वांनाच ‘जॉर्ज’ अशी हांक मारीत. पोटाची भाकरी उतारूच्या मर्जीवर असल्यामुळें ती हांक हंसतमुखानें ऐकून घ्यावी लागे. १९२५ सालीं ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखालीं या नोकरांनीं आपली संघटना उभारली. बारा वर्षांच्या झगड्यानंतर, १९३७ सालीं, कंपनीला तिच्याशीं करार करावा लागला. पगार वाढला आणि महिन्याकांठीं सुमारें ४०० तासांचें काम २४० तासांवर आलें. चांगलें बक्षीस देणारे दयाळू उतारू त्यापूर्वींही होतेच. परंतु दयेनें जें साधलें नाहीं तें करारानें साधलें.

टिप मुळांतच बंद करावी, असाही प्रयत्न अमेरिकेंत झाला. १९०९ सालीं वॉशिंग्टन संस्थानानें तिला कायद्यानें मनाई केली आणि आणखी कांहीं संस्थानांनीं तोच मार्ग धरला. पण १९२६ पर्यंत हे सारे कायदे रद्द झाले. पुढें १९६६ सालच्या दुरुस्तीनें किमान वेतनाचा केंद्रीय कायदा हॉटेलांना लागू झाला तेव्हां त्यांतच एक वाट ठेवण्यांत आली: नोकराला मिळणारी टिप मालकानें वेतनांत जमा धरावी. परिणाम असा कीं, केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७ डॉलर २५ सेंट आहे. परंतु टिप मिळविणाऱ्या नोकराला मालकानें पदरचे २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालतें. हा दर १९९१ पासून हललेला नाहीं. टिप धरूनही किमान वेतन भरलें नाहीं तर उरलेली रक्कम मालकानें भरावी, असा नियम आहे; पण तो हिशेब मालकाजवळ मागावयाचा कोणी? कॅलिफोर्नियासारख्या कांहीं संस्थानांनीं ही वजावट मान्य केलेली नाहीं. तेथें मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावें लागतें.

इतर देशांनीं वेगळ्या वाटा काढल्या. फ्रान्समध्यें १९८७ पासून पदार्थाच्या छापील किंमतींतच सेवेचा आकार धरलेला असतो. वर चार नाणीं ठेवलीं तर तीं निव्वळ खुशीचीं. ब्रिटनमध्यें २००९ पासून टिप किमान वेतनांत धरतां येत नाहीं; आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथें जमलेली सारी टिप, कांहींही कापून न घेतां, नोकरांत न्याय्य रीतीनें वांटण्याचें बंधन मालकावर आहे. जपानमध्यें तर टिप देण्याची चालच नाहीं. मेजावर पैसे ठेवून निघालांत तर विसरले समजून नोकर ते परत आणून देण्याचा संभव अधिक.

आपल्याकडे घोटाळा होतो तो बिलावरील सेवाशुल्काचा. पुष्कळांना तो सरकारी कर वाटतो. तो कर नव्हे. हॉटेलानें आपल्या मनानें लावलेला तो आकार आहे, आणि तो नोकरांच्या हातीं पडतोच असें नाहीं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं असे निर्देश दिले कीं, हें शुल्क बिलांत आपोआप लावूं नये, दुसऱ्या नांवानेंही घेऊं नये. २८ मार्च २०२५ रोजीं दिल्ली उच्च न्यायालयानें हे निर्देश ग्राह्य ठरविले. तेव्हां असें शुल्क दिसल्यास तें काढावयास सांगण्याचा आपणांस अधिकार आहे, आणि न ऐकल्यास ग्राहकांच्या मदतीसाठीं १९१५ हा दूरध्वनि क्रमांक आहे.

परंतु शुल्क काढून घेतलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें मात्र नव्हे. सेवा मनासारखी झाली असेल तर आपल्या खुशीनें कांहीं द्यावें आणि तें शक्यतों त्याच माणसाच्या हातीं द्यावें. हल्लीं बिल मोबाईलवरून चुकतें होतें, मोड परतच येत नाहीं. म्हणून थोडी नाणीं-नोटा जवळ बाळगणें बरें. आणखी एक गोष्ट विसरूं नये. ज्याच्या हातची भाजी आपणांस रुचली तो आचारी आणि मागें भांडीं घांसणारा पोऱ्या आपल्या दृष्टीस पडत नाहींत. टिपेची पेटी सर्वांत वांटली जाते काय, हें एका शब्दानें विचारतां येतें. देतांना नाणें फेंकूं नये, आणि दिलें म्हणून ‘ए पोऱ्या’ म्हणण्याचा हक्क मिळतो असेंही समजूं नये.

पानांत वरणभात असला तरच डावीकडच्या चटणीला गोडी. पुरेसें वेतन हा नोकराचा हक्क आणि तें मालकाचें देणें. बक्षीस ही त्यावरची आपली खुशी. श्रोतेहो, या दोहोंची गल्लत झाली कीं मालकाचें ओझें नकळत आपल्या खिशावर येतें आणि काम करणाऱ्याचा स्वाभिमान आपल्या लहरीवर टांगला जातो. पुढच्या खेपेस बडीशेपेची थाळी समोर येईल तेव्हां हात सैल जरूर सोडावा. पण या माणसाला पगार काय मिळतो, हा प्रश्नही मनांत जागा ठेवावा.