एसीपी प्रद्युम्न ‘गेले’ आणि परत आले! रहस्यमालिकांबद्दलचे प्रेक्षकांचे तर्क का फसतात?

बालाघाट : एप्रिल २०२५ मध्ये सोनी वाहिनीवरच्या ‘सीआयडी’त एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात ठार झाल्याचं दाखवलं गेलं, आणि बालाघाट-वारासिवनीपासून गोंदिया-तुमसरपर्यंतच्या मोबाइलवर एकच विषय सुरू झाला. ‘आता संपलं, साटम परत येत नाहीत’ हा बहुतेकांचा निकाल होता. पुरावेही भक्कम वाटत होते. काही आठवड्यांतच एसीपी प्रद्युम्न जिवंत असल्याचं मालिकेनं दाखवलं आणि निकाल देणारे तोंडावर पडले.

सीमाभागातला प्रेक्षक तसा दोन्हीकडचा. घरात मराठी किंवा पोवारी, शाळेत हिंदी आणि टीव्हीवर दोन्ही. त्यामुळे हिंदीतल्या ‘सीआयडी’वर जेवढी चर्चा होते, तेवढीच मराठीतल्या ‘रात्रीस खेळ चाले’वरही झाली. खुनी कोण, मेलेला खरंच मेला का, भूत की माणूस, यावर पैजा लागतात. पण अशा पैजा बहुतेक वेळा का हरल्या जातात, हे समजून घेण्यासारखं आहे.

नेमकं काय झालं होतं?

‘सीआयडी’ २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ ला थांबली. सहा वर्षांच्या खंडानंतर २१ डिसेंबर २०२४ ला ती परत आली. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न, आदित्य श्रीवास्तव यांचा अभिजीत आणि दयानंद शेट्टी यांचा दया हे तिघं परत दिसले. मग बार्बोसा हा खलनायक आला. ही भूमिका दिग्दर्शक-अभिनेते तिग्मांशू धुलिया यांनी केली. त्यानं घडवलेल्या स्फोटात एसीपी गेले, असं दाखवलं गेलं.

वाहिनीनं समाजमाध्यमांवर श्रद्धांजलीची पोस्ट टाकली. त्याच सुमारास पार्थ समथान हे एसीपी आयुष्मान म्हणून दाखल झाले. प्रेक्षकांनी दोन अधिक दोन चार केले. श्रद्धांजली झाली, जागेवर नवा माणूस आला, म्हणजे जुना माणूस कायमचा गेला.

साटम यांनी मात्र तेव्हा आपण काही काळ विश्रांती घेतल्याचं सांगितलं होतं. ‘सुट्टी’ आणि ‘निवृत्ती’ यांत फरक असतो. पण मनाचा निकाल आधीच लागला की असा बारीक फरक कोण बघतो?

पहिली चूक : पडद्याबाहेरचा पुरावा

या तर्काचा मोठा आधार कथेत नव्हता, कथेबाहेर होता. कलाकार कोण आला, कोण गेला, कुणाचा करार संपला, यावरून कथेचा अंदाज बांधला गेला. ही सवय आजची नाही.

अमेरिकेत ‘डॅलस’ नावाची मालिका होती. २१ मार्च १९८० च्या भागात तिचा खलनायक जे. आर. युइंग याला कुणीतरी गोळी घालतं आणि भाग संपतो. गोळी कुणी घातली, याचं उत्तर मिळायला २१ नोव्हेंबर १९८० उजाडला, कारण मध्ये कलाकारांचा संप झाला. त्या आठ महिन्यांत लोकांनी टी-शर्ट छापले, इंग्लंडमध्ये सट्टेबाजांनी भाव काढले. त्याच काळात जे. आर. साकारणारे लॅरी हॅगमन मानधन वाढवून मागत होते. त्यामुळे जे. आर. मरणार, असंही अनेकांना वाटलं.

प्रत्यक्षात हॅगमन यांची मागणी मान्य झाली आणि जे. आर. वाचला. गोळी घालणारी निघाली त्याची मेहुणी क्रिस्टिन. निर्मात्यांनी गुपित फुटू नये म्हणून वेगवेगळ्या कलाकारांना घेऊन गोळीबाराचं चित्रीकरण करून ठेवलं होतं. सेटवरून बातमी फुटली असती, तरी ती खरी कोणती हे कळलं नसतं.

कलाकाराच्या कराराची बातमी निर्मात्यालाही माहीत असते, आणि ती प्रेक्षक वाचतो हेही त्याला माहीत असतं. मग तो तिचाच वापर करतो.

दुसरी चूक : चकव्यालाच वाट समजणं

आपल्याकडे जंगलात ‘चकवा’ लागतो म्हणतात. माणूस ओळखीच्या वाटेनं चालत राहतो आणि फिरून त्याच झाडाखाली येतो. रहस्यकथेतही लेखक असा चकवा मुद्दाम ठेवतो. कॅमेरा एखाद्याच्या चेहऱ्यावर दोन सेकंद जास्त थांबतो, संगीत वाढतं, एखादं पात्र उगाच घाबरतं. सगळ्यांना दिसावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. जो पुरावा सगळ्यांच्या नजरेत येतो, तो बहुधा सगळ्यांना भरकटवण्यासाठीच असतो.

उलट, खरं उत्तर कधीकधी इतकं साधं असतं की ते कुणालाच पटत नाही. ‘कट्टप्पानं बाहुबलीला का मारलं?’ हा प्रश्न १० जुलै २०१५ पासून २८ एप्रिल २०१७ पर्यंत देशभर फिरला. सिनेमा होता, मालिका नव्हे, पण तर्काचा खेळ तोच. बाहुबली मेलाच नाही, तो कुठेतरी जिवंत आहे, इथपर्यंत गोष्टी रचल्या गेल्या. उत्तर निघालं ते सरळ. राजमाता शिवगामीनं आदेश दिला आणि कट्टप्पा सिंहासनाचा बांधील होता. तो बांधील आहे, हे पहिल्याच भागात सांगून झालं होतं.

तिसरी अडचण : लिहिणाऱ्यालाच माहीत नसेल तर?

प्रेक्षक समजतो की लेखकाकडे उत्तराची चिठ्ठी पहिल्या दिवसापासून बंद पाकिटात आहे. अनेकदा ते पाकीट रिकामंच असतं.

अमेरिकेत ८ एप्रिल १९९० ला ‘ट्विन पीक्स’ ही मालिका सुरू झाली. लॉरा पामर या शाळकरी मुलीचा खून कुणी केला, हा तिचा प्रश्न. संगणकांच्या जाळ्यावर तेव्हा मोजकेच लोक होते, तरी ते भाग रेकॉर्ड करून, पुन्हा पुन्हा थांबवून पुरावे शोधत. मालिकेतला ‘बॉब’ हा भयंकर चेहरा त्यांच्या तर्कांचा मोठा आधार होता.

तो चेहरा आला कसा? फ्रँक सिल्वा हे सेटची सजावट करणारे कर्मचारी. एका दृश्यात चुकून आरशात त्यांचं प्रतिबिंब टिपलं गेलं. दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांना ते आवडलं आणि त्यातून बॉब हे पात्र उभं राहिलं. खुनी कोण, हे लवकर सांगायची निर्मात्यांची इच्छाच नव्हती. वाहिनीच्या दबावामुळे १० नोव्हेंबर १९९० च्या भागात ते उघड करावं लागलं. खुनी निघाला लॉराचा बाप लेलँड, बॉबनं पछाडलेला. तेही गुप्त राहावं म्हणून ते दृश्य तीन वेगवेगळ्या नटांना घेऊन चित्रित केलं होतं.

जिथं पात्रच अपघातानं जन्माला येतं, तिथं पहिल्या भागातल्या कपबशीवरून शेवट कसा ओळखणार?

आपल्या मालिकांचं गणित

रोजच्या मालिकांमध्ये ही अडचण आणखी मोठी. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे असतात. कथेचा ढोबळ आराखडा असतो, पण प्रत्यक्ष भाग चित्रीकरणाच्या थोडे दिवस आधी लिहिले जातात. प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला येतात. एखादं पात्र लोकांना आवडलं तर त्याचं आयुष्य वाढतं, नाही आवडलं तर ते परगावी जातं. सहा महिन्यांपूर्वी दाखवलेली चावी किंवा कुलूपबंद खोली पुढे विसरलीही जाऊ शकते.

‘रात्रीस खेळ चाले’ हे जवळचं उदाहरण. झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ ला ती सुरू झाली. कोकणातलं नाईकांचं घर, अण्णांचा मृत्यू, आणि पुढे जे घडतं ते भुताचं की माणसाचं, असा पेच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिलं पर्व संपलं. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं, ते कथेत मागे गेलं. मेलेले अण्णा जिवंतपणीचे दिसले, माधव अभ्यंकर यांच्या रूपात, आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता घराघरांत पोहोचली. जिथं मेलेल्या माणसाला पुढच्या पर्वात नायक करता येतं, तिथं ‘आता हे पात्र संपलं’ असं कुणी छातीठोक सांगू नये.

अपवाद असतो तो पुस्तकावरच्या मालिकेचा. २०२० मध्ये आलेली ‘समांतर’ ही वेबमालिका सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवर बेतलेली. स्वप्नील जोशींच्या कुमार महाजनाचं पुढे काय होणार, यावर तर्क लढवण्याऐवजी वाचनालयातून पुस्तक आणता येत होतं. अर्थात पडद्यावर येताना पुस्तकातलं काही बदलू शकतं, त्यामुळे तीही पक्की खात्री नव्हे.

उत्तर मिळालं तरी तर्क मरत नाही

‘लॉस्ट’ ही मालिका २२ सप्टेंबर २००४ ते २३ मे २०१० अशी चालली. विमान बेटावर कोसळतं आणि प्रवासी अडकतात. सुरुवातीलाच एक तर्क निघाला, की हे सगळे मेलेले आहेत आणि बेट म्हणजे परलोक. निर्मात्यांनी तो स्पष्ट नाकारला. शेवटच्या भागातही नायकाचे वडील त्याला सांगतात, की जे घडलं ते सगळं खरं होतं. मृत्यूनंतरचं जग होतं ते फक्त शेवटच्या पर्वातल्या समांतर कथेत. पण शेवटी श्रेयनामावलीबरोबर कोसळलेल्या विमानाची शांत दृश्यं दाखवली गेली आणि ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो, सगळे मेलेलेच होते’ असं पुन्हा सुरू झालं. आजही अनेकांना तोच शेवट खरा वाटतो.

याचं कारण मनाच्या खोडीत आहे. एकदा तर्क डोक्यात बसला की प्रत्येक नवी गोष्ट त्यालाच जोडली जाते. जुळलं तर ‘बघा’, नाही जुळलं तर ‘हे मुद्दाम दाखवलं’. जो तर्क कशानंच खोटा ठरत नाही, तो तर्क नसून हट्ट असतो. शंभर जणांनी शंभर अंदाज केले तर एखादा बरोबर येणारच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण त्या एकाचा मेसेज पुढे फिरतो, नव्व्याण्णवांचे कुणी काढत नाही.

मालिकेबाहेर हा खेळ महाग पडतो

मालिकेतला अंदाज चुकला तर फार तर चहा-समोशाची पैज जाते. पण हीच सवय गावातल्या खऱ्या घटनेला लावली तर काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षेसाठी तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते, हा मेसेज त्याआधी मोबाइलवर फिरत होता. अनोळखी माणसं, वेगळा वेश, आणि एका लहान मुलीशी बोलल्याचा संशय. जमावानं दोन अधिक दोन चार केले. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकलं. टोळी नव्हतीच. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली.

त्या जमावाकडेही ‘पुरावे’ होते. आधी निकाल ठरला आणि मग जे दिसलं ते त्याला जोडत गेलं. फरक इतकाच, की तिथं पुढच्या भागात कुणी जिवंत परत येणार नव्हतं.

मग तर्क करायचाच नाही का?

करायचा. रहस्यमालिकेची अर्धी मजा त्यातच असते, आणि कुटुंबानं एकत्र बसून ‘हाच खुनी’ म्हणून भांडण्यात वाईट काही नाही. तर्क पुढे पाठवण्याआधी फक्त तीन गोष्टी विचाराव्यात.

• हा पुरावा कथेतला आहे की ऐकीव बातमीतला?

• काय दिसलं तर मी माझा अंदाज चुकला असं मान्य करीन? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर तो अंदाज सोडून द्यावा.

• हे मालिकेतल्या पात्राबद्दल आहे की खऱ्या माणसाबद्दल? खऱ्या माणसाबद्दल असेल, तर मेसेज पुढे न पाठवता पोलीस ठाण्याला किंवा ११२ ला कळवावं.

पात्राच्या बाबतीत चूक झाली तर दुरुस्त करायला लेखक बसलेला असतो. एसीपी प्रद्युम्न म्हणूनच परत येऊ शकले.